तोंडी हिशेब आणि उच्च शिक्षण
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



पदवीधर मनुष्य दुकानातून पंचाहत्तर रुपयांच्या तीन वस्तू घेतो, पाचशेची नोट पुढे करतो आणि परत किती यावयाचे हे पाहण्यासाठी खिशातून मोबाईल काढतो. दुकानातील चौथी-पाचवी शिकलेला नोकर तोवर दोनशे पंचाहत्तर रुपये मोजून समोर ठेवतो. असा प्रसंग आता कोणास नवीन वाटत नाही. लोक त्यावर हसतात, 'एवढे शिकून उपयोग काय?' असे म्हणतात आणि विषय तेथेच संपतो. शिक्षकाने मात्र तो तेथे संपवू नये. तो पदवीधर केव्हातरी एखाद्या प्राथमिक शाळेच्या पहिलीत बसला होता. तेथे त्यास काय मिळाले आणि काय मिळावयाचे राहून गेले, याचा विचार करणे हे शिक्षकाचेच काम आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तोंडी हिशेबात अडखळणारा मनुष्य मंदबुद्धी असतो, असे मुळीच नाही. आंरी प्वांकारे हे फ्रान्समधील थोर गणितज्ञ १९१२ साली निवर्तले. आपणास साधी बेरीजदेखील चुकल्यावाचून करता येत नाही, अशी कबुली त्यांनी १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मोकळेपणाने दिली आहे. उच्च गणित हा विचारांच्या रचनेचा विषय आहे. आकडेमोड हे निराळे कौशल्य आहे. एक आले म्हणजे दुसरे आपोआप येत नाही, आणि एक न आल्याने दुसरे अडतेच असेही नाही.

मग सहजच प्रश्न येतो की, थोर गणितज्ञांचे ज्यावाचून अडले नाही आणि प्रत्येकाच्या खिशातील यंत्र जे क्षणात करून देते, त्यासाठी प्राथमिक शाळेने आपला वेळ का घालवावा? हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. त्याचे उत्तर देण्यासाठी दोन खऱ्या घटना पाहणे उपयुक्त होईल.

पहिली घटना कॅनडातील आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ विमान माँट्रिअलहून ओटावामार्गे एडमंटनकडे निघाले. त्या काळी कॅनडात पौंडांऐवजी किलोग्रॅम वापरण्याचे स्थित्यंतर चालू होते, आणि नवीन आलेली ही विमाने इंधनाचा हिशेब किलोग्रॅममध्ये करीत. विमानातील इंधनमापक यंत्र बिघडले होते. म्हणून टाकीत काठी घालून इंधन मोजले गेले. ते ७,६८२ लिटर भरले. प्रवासास २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. लिटरचे किलोग्रॅम करण्यासाठी १.७७ ने गुणावे, असे हिशेब करणारांनी धरले. गुणाकार बरोबर आला : १३,५९७. उरलेल्या किलोग्रॅमचे पुन्हा लिटर करण्याचा भागाकारही बरोबर आला आणि ४,९१७ लिटर इंधन भरण्यात आले. आकडेमोडीत कोठेही चूक नव्हती. परंतु १.७७ हे लिटरचे वजन पौंडांत होते. किलोग्रॅममध्ये ते सुमारे ०.८ होते. जवळजवळ वीस हजार लिटर भरावयाचे तेथे पाच हजारांहूनही कमी भरले गेले. विमान ४१,००० फूट उंचीवर असताना इंधन संपले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी विलक्षण कौशल्याने ते विमान गिमली येथील जुन्या विमानतळावर तरंगत आणून उतरविले, म्हणूनच आतील ६९ माणसे वाचली.

हिशेब करणारी माणसे अशिक्षित नव्हती. त्यांच्यात अनुभवी वैमानिक होते, तंत्रज्ञ होते. त्यांनी कागदावर आकडे मांडून हिशेब तपासलाही होता. राहिले ते इतकेच की, हे उत्तर संभवते का, असा प्रश्न कोणी विचारला नाही. एक लिटर पाणी एक किलोग्रॅम भरते, हे शाळेतील मुलास ठाऊक असते. रॉकेल पाण्यावर तरंगते, हे खेड्यातील प्रत्येक घरात ठाऊक असते. विमानाचे इंधन हे रॉकेलाच्याच जातीचे. मग त्याचा एक लिटर पावणेदोन किलोग्रॅम कसा भरेल? हा विचार करण्यास कागद लागत नाही, यंत्रही लागत नाही. मनात परिमाणाचा अंदाज असावा लागतो आणि उत्तर हाती येताच ते त्या अंदाजाशी ताडून पाहण्याची सवय असावी लागते.

दुसरी घटना वैद्यकातील आहे. १९७८ साली अमेरिकेतील हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयाच्या रुग्णालयांत डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी मिळून ६० जणांस एक प्रश्न विचारण्यात आला. एक रोग हजारात एकास होतो. त्याची तपासणी निरोगी माणसांपैकी शेकडा पाच जणांसही चुकीने रोगी ठरविते. एखाद्या माणसाच्या तपासणीत रोग दिसला, आणि त्याच्याविषयी दुसरे काहीही ठाऊक नसेल, तर त्यास तो रोग खरोखर असण्याचा संभव किती? जवळजवळ निम्म्या जणांनी शेकडा ९५ असे उत्तर दिले. बरोबर उत्तर ६० पैकी केवळ ११ जणांस आले.

हाच हिशेब माणसे डोळ्यांपुढे आणून करून पाहावा. एक हजार माणसे रांगेत उभी केली. त्यांत रोगी एक. उरलेल्या ९९९ निरोग्यांपैकी शेकडा पाच, म्हणजे सुमारे ५० जण चुकीने रोगी ठरतील. एकूण रोगी ठरलेले ५१ आणि त्यांत खरा रोगी एक. म्हणजे शेकडा सुमारे दोन! हा पाचवीच्या मुलास समजणारा हिशेब आहे. पुढे गेर्ड गिगरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, असे प्रश्न शेकडेवारीऐवजी 'हजारातील इतकी माणसे' अशा भाषेत मांडले, तर डॉक्टरांचीही उत्तरे पुष्कळ अधिक प्रमाणात बरोबर येतात. बुद्धी तीच, शिक्षण तेच. आकड्याचा वस्तूशी तुटलेला संबंध जोडून दिला, इतकाच फरक. असा संबंध तुटलेला राहिला, तर एखाद्या निरोगी माणसास 'तुम्हांस रोग आहे' असे ऐकावे लागते आणि त्याच्या घरात आकांत होतो.

या दोन्ही घटनांवरून एक निष्कर्ष निघतो. तोंडी हिशेब म्हणजे झटपट उत्तर फेकणे नव्हे. झटपट उत्तर यंत्र देतेच. परंतु यंत्रास कोणता आकडा द्यावयाचा आणि त्याने दिलेल्या उत्तरावर विश्वास ठेवावयाचा की नाही, हे ठरविणारे मन माणसाजवळच असले पाहिजे. असे मन घडविणे हा तोंडी हिशेबाचा खरा हेतू होय. संख्येचा आकार ओळखणे, संख्यांचे परस्परांशी नाते ओळखणे आणि आलेले उत्तर पडताळून पाहणे, ही त्याची तीन अंगे आहेत.

पडताळ्याच्या अभावाचे आणखी एक उदाहरण घ्या. बॅट आणि चेंडू मिळून ११० रुपये होतात. बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग आहे. तर चेंडूची किंमत किती? बहुतेकांच्या तोंडून चटकन 'दहा' असे निघते. दहाचा चेंडू धरला, तर बॅट ११० ची होईल आणि बेरीज १२० येईल. उत्तर पाच आहे. शेन फ्रेडरिक या अमेरिकन संशोधकाने २००५ साली अशाच धर्तीच्या तीन प्रश्नांवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. मॅसॅच्युसेट्सच्या प्रख्यात तंत्रविज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांपैकीसुद्धा तिन्ही उत्तरे बरोबर देणारे निम्म्याहून कमी होते. येथे ज्ञान कमी पडत नाही. मनात आलेले पहिले उत्तर क्षणभर थांबवून तपासण्याची सवय कमी पडते.

ही सवय का लागत नाही? त्याची काही कारणे शाळेतच सापडतात.

पहिले कारण लेखी रीतीचे आहे. कागदावरील बेरीज, वजाबाकी व गुणाकार एककापासून, म्हणजे उजवीकडून सुरू होतात. मनातील हिशेबास मोठ्या भागापासून सुरुवात करणे सोयीचे असते. ३८ आणि ४७ यांची बेरीज करताना बाजारातील मनुष्य तीस आणि चाळीस सत्तर, आठ आणि सात पंधरा, एकूण पंच्याऐंशी असे म्हणतो. शाळेत शिकलेला मनुष्य मनातच पाटी उभी करतो, आठ आणि सात पंधरा, पाच लिहिले, हातचा एक, असे चालतो आणि हातचा धरता धरता पाच विसरतो. लेखी रीत कागदासाठी उत्तम आहे. पण ती एकच रीत आहे असे मुलास वाटले, म्हणजे कागद नसताना ते पंगू होते.

दुसरे कारण भीतीचे आहे. मनाला एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवता येतात. 'चुकेन, मुले हसतील, गुरुजी रागावतील' ही चिंता त्या अपुऱ्या जागेतच शिरते आणि आकड्यांस जागा उरत नाही. मोठेपणीही, चारचौघांत बिलाची वाटणी करण्याची वेळ आली म्हणजे सुशिक्षित मनुष्य गोंधळतो. त्या गोंधळाचे मूळ पुष्कळदा लहानपणीच्या एखाद्या तासात असते.

तिसरे कारण ऐतिहासिक आहे. जुन्या मराठी शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ होत असे. त्यास व्यवहाराचा आधार होता. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे; मणाचे ४० शेर, शेराचे ८० तोळे. निम्मे, पाव, आठवा भाग असे करीतच सारा बाजार चाले. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली. हा बदल निःसंशय हिताचा होता. दशमान पद्धतीने हिशेब सोपा केला. परंतु आणे-शेर गेले त्यांबरोबर अपूर्णांकांचे पाढे गेले, आणि त्यांबरोबर मनातल्या मनात हिशेब फिरविण्याची रोजची तालीमही गेली. तिच्या जागी दुसरी तालीम उभी राहिली नाही. जुनी घोकंपट्टी परत आणावी, असा याचा अर्थ नाही. तिच्यातील नित्याभ्यास घ्यावा आणि त्यास समजुतीची जोड द्यावी, एवढाच आहे.

आता नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, कारण तिचा खेड्यातील शाळेशी अधिक निकटचा संबंध आहे. ब्राझीलमधील रेसीफे शहरातील काही संशोधकांनी १९८५ साली रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बारा वर्षांच्या एका मुलास दहा नारळांची किंमत विचारली. एक नारळ ३५ चा. तीन नारळांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, असे करीत त्याने ३५० हे बरोबर उत्तर काढले. दहाने गुणताना शून्य लावावे हे त्यास सुचले नाही, पण उत्तर चुकले नाही. त्या पाच मुलांनी बाजारातील शेकडा ९८ हिशेब बरोबर केले. तेच आकडे नुसत्या उदाहरणांच्या रूपाने दिले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ३७ वर आले. आपल्या देशातही अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ साली प्रसिद्ध झाला. ही मुले गिऱ्हाइकांचे गुंतागुंतीचे हिशेब मनात करीत, पण शाळेच्या धर्तीवर मांडलेल्या साध्या उदाहरणांत अडत. बाजाराचा अनुभव नसलेली शाळकरी मुले पुस्तकी उदाहरणांत सरस ठरली, पण बाजारातील व्यवहारात अडखळली.

याचा अर्थ असा की, दोन विद्या शेजारी शेजारी नांदत आहेत आणि त्यांच्यामध्ये पूल नाही. एकीतून मोबाईल काढणारा पदवीधर निर्माण होतो. दुसरीतून, हिशेबात तरबेज असूनही परीक्षेत नापास होऊन शाळा सोडणारे मूल निर्माण होते. हा पूल बांधण्याची जागा प्राथमिक शाळा हीच आहे, कारण दोन्ही मुले एकाच वेळी तेथेच बसलेली असतात. आईबरोबर आठवड्याच्या बाजारात भाजी विकावयास बसणारी मुलगी, सकाळी डेअरीवर दूध घालून शाळेत येणारा मुलगा, ही वर्गातील संपत्ती आहे. त्यांस फळ्यापाशी बोलावून 'तू हे कसे काढतोस, सर्वांना सांग' असे म्हटले, तर त्यांचा मान वाढतो आणि वर्गास नवी रीत मिळते. मग तीच रीत शिक्षकाने फळ्यावर आकड्यांत मांडावी. पूल येथून बांधला जातो.

प्रत्यक्ष कामासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

रोज दहा मिनिटे केवळ तोंडी हिशेबास द्यावीत. आठवड्यातून एकदा तासभर देण्यापेक्षा रोजची दहा मिनिटे अधिक फलदायी होतात. दोनशिक्षकी शाळेत अनेक इयत्ता एकत्र बसतात. तेथे चौथीच्या मुलांनी दुसरीच्या मुलांस प्रश्न घालावेत. प्रश्न तयार करताना चौथीच्या मुलांचा अभ्यास अधिक पक्का होतो.

उत्तराइतकेच महत्त्व 'कसे काढलेस?' या प्रश्नास द्यावे, आणि तो बरोबर उत्तरासही विचारावा. फक्त चुकलेल्यासच विचारला, तर तो प्रश्न शिक्षेसारखा वाटू लागतो. एकाच उदाहरणाच्या दोन-तीन रीती वर्गासमोर याव्यात. ३६ रुपये लिटरने अडीच लिटर दूध : कोणी दोन लिटरचे ७२ आणि अर्ध्याचे १८ म्हणेल, कोणी पाच लिटरचे १८० काढून निम्मे करील. दोघेही ९० वर येतील. तेव्हा मुलांस कळते की, संख्या ही वाकविता येणारी वस्तू आहे.

उत्तर काढण्यापूर्वी अंदाज विचारावा. ४९ गुणिले ६ हे तीनशेपेक्षा जास्त की कमी? अंदाज प्रत्येक मुलाने आधी वहीत लिहावा, मग उदाहरण सोडवावे आणि दोन्ही ताडून पाहावेत. गिमलीच्या विमानात हीच एक पायरी राहून गेली होती.

मराठी भाषेने दिलेली सोय वापरावी. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणऐंशी या शब्दांतच 'एक कमी तीस, एक कमी पन्नास, एक कमी ऐंशी' असा हिशेब दडलेला आहे. हा अर्थ उलगडून दाखविला, तर २९ रुपयांच्या चार वह्यांचे १२० उणे ४, म्हणजे ११६, हे मुलास आपोआप सुचते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत दिली गेली, तेव्हा पुष्कळ वाद झाला. त्या वादात न शिरता दोन्हींचा उपयोग करावा. एक रीत दशक-एकक स्पष्ट करते आणि दुसरी बाजारात व घरात कानी पडते.

पाढे जरूर पाठ करून घ्यावेत, पण ते एकमेकांशी बांधून द्यावेत. नऊ सत्ते त्रेसष्ट विसरले, तर दहा सत्ते सत्तरमधून सात वजा करून ते परत मिळविता आले पाहिजे. पाठ केलेले विसरले जाते. नाते कळलेले असले की पुन्हा उभे करता येते.

घड्याळ लावून शर्यत लावू नये. मंद वाटणारे मूल पुष्कळदा विचार करणारे मूल असते. प्रश्न विचारल्यावर पाच-दहा सेकंद सर्वांनी गप्प राहावे आणि हात वर करणाऱ्या पहिल्या मुलाकडे लगेच वळू नये. आणि शिक्षकाने स्वतःही गुणपत्रकाची बेरीज प्रथम मनात करून मगच यंत्रावर पडताळावी. मुले पाहत असतात.

हे सारे कशासाठी, तेही एकदा नीट सांगितले पाहिजे. गावात कोणी 'दरमहा शेकडा दोन' व्याजाने दहा हजार रुपये काढतो. 'दोन' हा आकडा लहान वाटतो. महिन्यास दोनशे, वर्षास दोन हजार चारशे, म्हणजे शेकडा चोवीस, हे सही करण्यापूर्वी मनात आले पाहिजे. सही करून झाल्यावर ते कळून फारसा उपयोग नाही. उद्या याच वर्गातील एखादी मुलगी परिचारिका होईल. औषधाची मात्रा ०.५ की ५ हे वाचताना दशांशचिन्हाच्या एका ठिपक्यामुळे दहापट फरक पडतो, आणि 'इतक्या लहान बाळास एवढे औषध?' हा प्रश्न तिच्या मनात त्याच क्षणी उठला पाहिजे.

तो प्रश्न तिला महाविद्यालय शिकविणार नाही. तेथील अभ्यासक्रमात तोंडी हिशेबास जागा नाही. ती गोष्ट विद्यार्थ्यास येत असेलच, असे तेथे गृहीत धरलेले असते. माध्यमिक शाळाही तसेच गृहीत धरते. ज्या शाळेस ते गृहीत धरता येत नाही, अशी एकच शाळा आहे, आणि ती आपली आहे. यास्तव दुसरीच्या वर्गातील ती रोजची दहा मिनिटे कोणत्याही सबबीवर चुकू देऊ नयेत.